थोरलीचा मान

जगातल्या प्रत्येक बिघाडाचे मूळ मानपानात असते, असे ठामपणे मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो नात्याने माझा थोरला साडू लागतो. पंखा आवाज करू लागला, बोअरचे पाणी आटले, जावई जेवताना गप्प राहिला किंवा बिलाच्या मशिनीतून कोरा कागद बाहेर आला, की साडूंचा पहिला प्रश्न एकच असतो : "कुणाचं काय चुकलं?" नेमके काय बिघडले, ही त्यांच्या दृष्टीने नंतरची गोष्ट. नळदुर्गला महामार्गालगत त्यांचे पेढ्यांचे, फरसाणाचे आणि चहा-भज्यांचे दुकान आहे. दुकान इतके अरुंद की दोन भरदार गिऱ्हाइके समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागते. साडू स्वतः भरदार असल्यामुळे माघार नेहमी गिऱ्हाईक घेते. एवढ्याशा दुकानात गेल्या काही वर्षांपासून बिलाच्या तीन मशिनी आहेत, आणि साडूंचे उतारवय या तीन मशिनींच्या सेवेत चालले आहे.

मशिनी आणल्या त्यांच्या सुनेने. ती लग्न होऊन आली तेव्हा दुकानाचा कारभार ओरडण्यावर चाले. गल्ल्यावरून साडू ओरडत, "दोन मिरची, एक कांदा, दोन चा!" आणि भटारखान्यातला आचारी स्टोव्हच्या आवाजात त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावी. सून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आली होती. तिने लॅपटॉप ठेवला. त्यावर ऑर्डर टाकली की गल्ल्यावरच्या मशिनीतून बिल निघणार, मिठाईच्या काउंटरवरच्या मशिनीतून किती पेढे तोलायचे त्याची चिठ्ठी निघणार, आणि भटारखान्यातल्या मशिनीतून भज्यांची चिठ्ठी निघणार. तिन्ही मशिनी वायरने एका डबीला जोडलेल्या. त्या डबीला राउटर म्हणतात. साडूंनी हे सगळे हाताची घडी घालून ऐकले आणि पाहता पाहता नात्यात बसवले. तिन्ही मशिनी म्हणजे एका घरात नांदणाऱ्या जावा. गल्ल्यावरची थोरली, मिठाईची मधली आणि भटारखान्यातली धाकटी, कारण चूल धाकटीच्याच वाट्याला येते. राउटर ही त्यांची सासू. "सासू सांगल तिथं जावांनी बसायचं," साडू मला म्हणाले, "एवढंच हाय ते, संपादक. ह्याला कालेजात कशाला जाया पाहिजे?" सून शेजारी उभी राहून काच पुसत होती. ती काच आणखी थोडा वेळ पुसत राहिली. मी संपादक कधीच नव्हतो. सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. पण साडूंनी माझ्या लग्नातच मला बढती दिली आणि ती आजवर मागे घेतलेली नाही.

एखादी मशीन बंद पडली तर साडू तिला लगेच हात लावत नाहीत. आधी पंचनामा होतो. चष्मा काढून खिशात ठेवायचा, हात पाठीमागे बांधायचे आणि हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायचे : शेवटचे बिल कुणाचे निघाले, त्याने काय घेतले होते, जाताना तो काय म्हणाला. एकदा हैदराबादकडे निघालेल्या एका ट्रक ड्रायव्हरचे बिल निम्मे बाहेर येऊन थांबले. ड्रायव्हरने पैसे देऊन निघायची तयारी केली तर साडूंनी त्याला अडवले. "थांबा ओ. तुमच्या डोळ्यांसमोर झालंय. तुमी गेल्यावर मी कुणाला इचारू?" तो म्हणाला, "सेठ, जाने दो ना, गाडी खडी है." साडूंनी त्याला साक्षीदार म्हणून बाकावर बसवले आणि साक्षीदार उपाशी राहू नये म्हणून भज्यांची बशी दिली, मग दुसरी दिली. त्याचा जबाब संपता संपता मशीन उघडली, तेव्हा आतला कागदाचा रोल संपलेला निघाला. ड्रायव्हरने ही हकिगत रस्त्याने सांगितली असावी, कारण त्यानंतर त्या बाजूचे ड्रायव्हर दुकानात शिरताना "मशीन चालू है क्या?" असे विचारू लागले. चालू आहे असे कळले की काहींचे चेहरे उतरत.

या मशिनींना शाई लागत नाही. कागदच उष्णतेने काळा होतो. रोल उलटा बसला तर काहीही उमटत नाही. कागदाची कोणती बाजू सुलटी, हे नखाने ओरखडा काढला की कळते. साडूंनी यासाठी डाव्या अंगठ्याचे नख राखले आहे, आणि ते फक्त दुकानापुरते वापरावे असा संयम त्यांच्याकडे नाही. बसमध्ये बसले की ते तिकिटावर ओरखडा काढतात. एकदा त्यांनी तपासणीच्या भरात तिकिटावरचे गावाचे नावच काळे करून टाकले आणि वर कंडक्टरला शाबासकी दिली, "कागुद झकास वापरता बरं तुमी." पुढे तपासनीस चढला. त्याने ते तिकीट उजेडात धरून पाहिले आणि हे काय आहे म्हणून विचारले. साडूंनी त्याला कागदाची सुलटी बाजू ओळखण्याची पद्धत समजावून सांगितली. तपासनीस पुढच्या थांब्यावर उतरून गेला. तो त्याचाच थांबा होता की नाही, हे समजू शकले नाही.

प्रत्येक मशिनीला एक परीक्षा असते. बटण दाबून धरून ती सुरू केली की ती स्वतःची माहिती छापून देते : तिचे नाव, तिची तब्येत आणि जोडणीतला तिचा क्रमांक, म्हणजे एका अर्थी तिचा पत्ता. साडू याला कुंडली काढणे म्हणतात. कुंडली हातभर लांब धरून, ओठ हलवत वाचायची आणि शेवटी "बरं हाय" किंवा "जरा जपाया पाहिजे" असे म्हणायचे, हा त्यांचा रोजचा सकाळचा परिपाठ आहे. दुकानाबाहेरही त्यांची ही सेवा चालते. त्यांच्या कापडी पिशवीत एक खात्रीची वायर, एक रोल आणि हळदीत बुडवलेले दोरे कायम असतात. दोरे वायरींना खुणेसाठी बांधायचे. बेंबळीला एका नातलगाच्या लग्नात मांडवात बसल्या बसल्या त्यांच्या कानावर आले, की नवरदेवाच्या चुलत्याच्या किराणा दुकानात बिलाची मशीन बंद आहे. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा साडू तांदळाच्या पोत्यांमागे उंदराने कुरतडलेली वायर शोधत होते. जेवणाच्या पंगतीला ते कोपरापर्यंत धुळीने माखून हजर झाले. पिशवीतली वायर बेंबळीला राहिली आणि आहेराचे पाकीट पिशवीतच घरी परत आले. साडूंच्या पत्नी आणि माझ्या मोठ्या मेव्हणी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांनी याचा जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "वायर दिली की. त्याच्याहून मोठा आहेर कुणी केला, सांग बरं."

बिलाच्या तळाशी एक ओळ छापायची सोय असते. दुसरी दुकाने तिथे आभार मानतात. साडूंनी ती ओळ सुनेकडून मागून घेतली आहे आणि ते ती मनाप्रमाणे बदलतात. "पोटभर खाऊन लगेच गाडी हाकू नये." "आईला फोन केला का?" ही ओळ चालू असताना एका माणसाने बिल वाचून दुकानातूनच फोन लावला आणि तो बराच वेळ बोलत उभा राहिला, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्या दिवशी साडूंचे आणि अक्कांचे वाजले होते, त्या दिवशी बिलावर होते, "भजी आज जरा खारट आहेत. कारण विचारू नये."

आता दिव्याचे सांगायला हवे. हे दुकान साडूंच्या वडिलांनी थाटले तेव्हा दुकानात एकच बल्ब होता. संध्याकाळी देवीच्या तसबिरीपुढे दिवा लावताना ते तो बल्ब मालवत. देवीच्या दिव्यापुढे दुसरा उजेड नको, एवढाच त्यामागचा भाव. वडील गेले, बल्बाच्या जागी ट्यूब आल्या, फ्रीज आला, लॅपटॉप आला, तिन्ही जावा आणि त्यांची सासू आली. पण प्रथा तीच राहिली, आणि आता ती पाळायची म्हणजे मेन स्विच खाली ओढावा लागतो. रोज दिवेलागणीला दुकान काळोखात बुडते. नवीन गिऱ्हाईक "लाईट गेली" म्हणते आणि जुने त्याला गप्प करते. भज्याचा घास हातात धरून सगळे उभे राहतात. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचे दिवे पेढ्यांच्या काचेवरून सरकत जातात. साडू काडी ओढतात, वात पेटते, हात जोडले जातात. मग मेन स्विच वर जातो, आणि भिंतीवरच्या बोर्डाची बटणे एकेक करून लागतात : आधी सासू, मग थोरली, मग मधली, मग धाकटी. प्रत्येक बटणानंतर साडू थोडे थांबतात. पंगतीत एक माणूस नीट बसल्याशिवाय पुढच्याचे पान मांडू नये, तसे.

आणि इथेच घोळ होता. साडू दुकानात असले की मशिनी सुतासारख्या चालत. साडू संध्याकाळी कुठे गेले, की त्यांचा मुलगा दिवा लावी, आणि त्यानंतर तिन्ही मशिनी एकमेकींची कामे करू लागत. भटारखान्यात बिल निघे. आचारी ते हातात घेऊन बाहेर येई आणि "हे तळायचं हाय का?" असे विचारी. गल्ल्यावर पेढ्यांची चिठ्ठी येई. मिठाईच्या काउंटरवर मिरची भज्यांच्या चिठ्ठ्या साठत जात. देवदर्शन करून परतणारी एक अख्खी बस एकदा अशा संध्याकाळी दुकानात उतरली. बिल मागणाऱ्या एका आजोबांना आत भटारखान्यात जाऊन घ्या असे सांगावे लागले. ते आत गेले आणि बिल, भजी व आचाऱ्याच्या गावाकडची खुशाली घेऊनच बाहेर आले. सोलापूरहून दुरुस्तीवाला आला. तो दिवसा आला, आणि दिवसा साडू दुकानात होते, त्यामुळे त्याला काहीच सापडले नाही. त्याने राउटर उघडून पाहायला पासवर्ड मागितला. तो पहिल्याच दिवशी साडूंनी कुणाला न सांगता स्वतः ठरवला होता. साडू म्हणाले, "हरवला." दुरुस्तीवाला म्हणाला की टाचणी खुपसून राउटर कोरा करता येतो, मग नवा पासवर्ड टाकू. साडूंनी राउटरवर तळहात ठेवला. "सासूच्या डोक्यात टाचणी? आमच्या घरात न्हाई चालायचं."

साडूंनी या सगळ्याचा निष्कर्ष काढला तो असा : मशिनी फक्त त्यांचे ऐकतात. हा निष्कर्ष त्यांना मनापासून आवडला. "माझ्या हाताला गुण हाय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, आणि हाताला गुण असलेल्या माणसाला दिवेलागणीला दुकान सोडता येत नाही. त्यांची मुलगी परंडा तालुक्यातल्या सोनारीला दिली आहे. जिल्ह्याचे एक टोक नळदुर्ग, तर दुसरे सोनारी. मुक्कामाशिवाय जाणे होत नाही. मशिनी आल्यापासून साडू लेकीच्या घरी मुक्कामाला गेलेच नाहीत. तिच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा अक्का एकट्या गेल्या. बाळंतपणानंतर लेकीला आणि नातवाला सोडायला गेल्या तेव्हाही एकट्या. प्रत्येक वेळी साडूंचे धोतर आणि बंडी बॅगेत भरली जाई आणि निघायच्या दिवशी परत कपाटात जाई. बॅगेतून कपडे काढताना अक्का फक्त जरा जास्त नीट घड्या घालीत.

यंदा नातवाच्या जावळाचा विषय निघाला. सोनारीच्या भैरवनाथापुढे काढायचे ठरले. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, त्यामुळे साडूंच्या मुलाला जाणे भागच होते. अक्कांनी या वेळी साडूंना विचारले नाही. आमच्या देखत, दुकानातल्या बाकावर बॅग ठेवून त्या म्हणाल्या, "पोरगी फोनवर काय म्हणली सांगू का? म्हणली, आई, बाबांना माझं घर ठाव हाय का गं? सांगा आता, काय सांगू तिला?" साडूंनी मशिनीकडे पाहिले. "तसं न्हवं," ते म्हणाले, "पर ह्या तिघींना कुणाच्या भरवशावर..." "सून हाय की," अक्का म्हणाल्या. "सुनेला मशिनीतलं कळतं, जावांतलं न्हाई कळत," साडू म्हणाले. ते दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते. माझी बायको आणि मी अक्कांबरोबरच सोनारीला जायला म्हणून आलो होतो. बॅगेवर सर्वात वर अक्कांनी शिवलेले टोपडे ठेवले होते. जावळ काढल्यावर घालायचे ते.

सुनेने लॅपटॉप मिटला. "मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "तुमी जावा. पर आधी मला एकदा नीट सांगा, तुमी दिवा लावल्यावर करता काय? मी हात लावीत न्हाई, नुसती बघते."

साडूंना कुणी असे विचारले की ते फुलतात. दिवेलागण झालीच होती. त्यांनी सगळा विधी सावकाश, सांगत सांगत केला. मेन खाली, दिवा, नमस्कार, मेन वर. "आता सासूला उठवायचं. ती नीट डोळं उघडंपतोर दम धरायचा. मग थोरली. थोरली उठली की सासू तिला पयली जागा देती. मग मधली, तिला दुसरी. मग धाकटी. मानानं. मान चुकला की रुसल्या म्हणून समज."

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. "परत सांगा, मामा. जागा कोण देतं?"

"सासू."

"जी आधी उठंल तिला पयली?"

"मग! घरात तसंच असतं की."

"आन् लाईट गेल्यावर सासूला आधीचं ध्यानात राहतं का? कोण कुठं बसली हुती ते?"

"न्हाई राहत. म्हातारी हाय. समदं इसरती. परत नव्यानं जागा देती."

सुनेने बोर्डाची सगळी बटणे बंद केली. मग राउटर लावला आणि त्यानंतर धाकटीचे बटण आधी दाबले, मग मधलीचे, शेवटी थोरलीचे. लॅपटॉप उघडून तिने एक कांदा भजी टाकली. भटारखान्यात सामसूम. गल्ल्यावरची थोरली खरखरली आणि तिच्यातून कांदा भज्याची चिठ्ठी बाहेर आली.

"बगा!" साडू आनंदाने ओरडले. "म्हणलं नव्हतं? रुसली!"

सून कपाळाला हात लावून हसू लागली. वर्षानुवर्षे सोलापूरचा दुरुस्तीवाला, ती स्वतः आणि तिचा नवरा जे शोधत होते, ते साडू रोज प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. लॅपटॉप पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवायचा. दिव्यासाठी वीज गेली की राउटर जुने पत्ते विसरायचा आणि जी मशीन आधी जागी होईल तिला पहिला पत्ता द्यायचा. साडू बटणे मानाने लावायचे, म्हणून पत्ते रोज तेच पडायचे. मुलगा तिन्ही बटणांवर एकदम तळहात मारायचा. कोण आधी उठेल याचा नेम नसे. हाताला गुण होता तो एवढाच. बिघाडाचे मूळ खरोखरच मानपानात होते, आणि बिघाड करणारा मेन स्विच ओढणारे साडूच होते. हे साडूंच्याही लक्षात आले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात पाठीमागे बांधले. पण या वेळी विचारायला कुणी उरले नव्हते. "म्हंजी," ते म्हणाले, "म्याच."

"दिवा बंद करायचा न्हाई, मामा," सून लगेच म्हणाली. "दिवा तसाच राहू द्या. मी राउटरमधी तिघींची जागा कायमची लिहून टाकते. मग लाईट जाऊ दे, कुणीबी आधी उठू दे, फरक पडणार न्हाई."

"आन् मान?"

"मानाची गरज न्हाई राहणार."

साडू थोरलीवर हात ठेवून उभे होते. "म्हंजी दिवेलागणीला म्या असलो काय आन् नसलो काय."

"दुकानाला फरक न्हाई पडणार, मामा," ती म्हणाली.

अक्का चहा आणायला म्हणून आत गेल्या. जाताना त्यांनी बॅगेवरचे टोपडे उचलून नीट केले आणि परत तिथेच ठेवले; या वेळी बॅगेतून काही बाहेर काढले नाही. साडूंनी ते पाहिले. मग ते म्हणाले, "काय लागंल तुला?"

"पासवर्ड."

साडूंचा चेहरा, मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता इतका लाल झाला. "म्या टाकतो," ते म्हणाले. "तू तिकडं बघ."

सून तिकडे पाहू लागली. साडूंनी लॅपटॉप भिंतीकडे वळवला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाकले. चुकला. परत टाकला. परत चुकला. "मामा, त्या डोळ्याच्या खुणेवर दाबा," सून पाठमोरी राहूनच म्हणाली, "अक्षरं दिसतील." साडूंनी दाबले. अक्षरे दिसली. काय राहिले ते त्यांना कळेना, म्हणून शेवटी त्यांनीच तिला बोलावले. तिने पडद्यावरचे वाचले, एक सुटलेले इंग्रजी अक्षर भरले, आणि सहज मोठ्याने म्हणाली, "हे कुणाचं नाव हाय, मामा?"

त्या घरात सुनेने ते नाव कधी ऐकले नव्हते. ऐकण्याचे कारणही नव्हते. ते अक्कांचे माहेरचे नाव होते. लग्नात नवे नाव आले, आणि साडूंच्या पिढीतल्या माणसाने बायकोचे नवे नावही चारचौघांत घेतलेले नाही. "अगं" आणि "ऐकलं का" यांवर त्यांचा संसार झाला. माझी बायको सोडली तर ते नाव आठवणारे माहेरचे आता कुणी नाही. पासवर्ड हरवला नव्हता. तो दुरुस्तीवाल्यापुढे तोंडातून काढणे साडूंना जमले नव्हते, एवढेच. माझी बायको हसण्याच्या बेतात होती, पण तिने पदर तोंडाला लावला, कारण भटारखान्याच्या दारात अक्का चहाची किटली घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी ऐकले होते. त्यांनी कप भरला आणि साडूंच्या पुढ्यात ठेवला. डॉक्टरांनी साडूंना साखर बंद केली आहे. त्या चहात साखर होती. हे मला साडूंनी गाडीत बसताना कानात सांगितले. ते नाव मी इथे देत नाही. पासवर्ड अजून तोच आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडू सोनारीला गेले. ऐनवेळी गाडीत जागा कमी पडली आणि मी मागे राहिलो. म्हणजे, साडूंनीच तसे ठरवले. "संपादक, तुमी दुकानात बसा," ते म्हणाले, "आन् बातमी खरी द्या." निघण्यापूर्वी त्यांनी बिलाची ओळ बदलून घेतली होती : "मालक जावळाला गेले आहेत. चूक झाल्यास सांभाळून घ्यावे." ही ओळ वाचून गिऱ्हाइके चुकीची वाट पाहत बसली. चूक झाली नाही. संध्याकाळी सुनेने मेन खाली ओढला, दिवा लावला, मेन वर केला आणि घाईत तिन्ही बटणांवर तळहात मारला, नवऱ्यासारखाच. पेढ्यांची चिठ्ठी पेढ्यांकडे गेली, भज्यांची भज्यांकडे. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे घंटा आणि एका लहान पोराचे रडणे ऐकू येत होते.

"थोरली उठली का?" साडूंनी विचारले.

"उठली, मामा."

"आधी?"

सुनेने माझ्याकडे पाहिले. "व्हय," ती म्हणाली, "आधी तीच." पलीकडे साडूंनी समाधानाचा आवाज काढला. बातम्या तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. ही मी तपासायला गेलो नाही.

त्यानंतर साडू दोन-तीनदा सोनारीला मुक्कामाला गेले. बिलाची ओळ प्रत्येक वेळी बदलली आणि प्रत्येक दिवेलागणीला फोन आला. तोच प्रश्न, तेच उत्तर. गेल्या खेपेस मी दुकानात चहा घेत होतो. सुनेने दिवा लावला, मेन वर केला आणि ती हात बटणांपाशी नेऊन थांबली. फोनकडे पाहिले. फोन आला नाही. तिने जरा वाट पाहिली, मग स्वतःच लावला. अक्कांनी उचलला. "अगं, ते पोराला घेऊन तळ्यावर गेलेत," त्या म्हणाल्या, "म्हैस दाखवायला. काही काम हुतं का?"

"न्हाई, आत्या," सून म्हणाली. "सहज."

तिने फोन ठेवला. गिऱ्हाइके भजी हातात धरून अजून उभीच होती. तिने राउटर लावला आणि तो नीट जागा होईपर्यंत थांबली. मग थोरलीचे बटण दाबले. थोडे थांबून मधलीचे. आणखी थोडे थांबून धाकटीचे.